सातव्या टप्प्यावरची आमरी

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मी गणपतीच्या डोक्यावर चोरीचा माल टांगला. तो चोरीचा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नसणं ही माझी फार जुनी सवय आहे, तेव्हा तिचा आधार घेण्यात अर्थ नाही.

झालं असं. आमच्या गोव्याकडे चवथीला देवाच्या वर एक लाकडी चौकट टांगतात, तिला माटोळी म्हणतात. तिच्यावर फळं, पानं, शेंगा, कंद बांधायचे. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं हे सगळं घरचंच असतं. माणसाची खरी परीक्षा होते ती त्यानं रानातून काय आणलं यावर. माझे सासरे पेडण्याचे. त्यांच्या माटोळीखाली लोक मान वर करून इतका वेळ उभे राहत की खाली बसलेल्या गणपतीला खाकरून लक्ष वेधावंसं वाटत असेल. आणि लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीकडची माणसं 'ओझें' घेऊन येतात, म्हणजे फराळाच्या आणि फळांच्या टोपल्या घेऊन सगळं सासर जावयाच्या दारात. सासरे येणार, मान वर करणार आणि माझी माटोळी बघणार. मी खाणीच्या ऑफिसात हजेरी लिहिणारा कारकून. रानाशी माझा संबंध खिडकीतून दिसेल तेवढाच.

म्हणून चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गावामागच्या सड्यावर चढलो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. सगळा जांभा दगड; उन्हाळ्यात त्यावर पापड भाजावा आणि पावसाळ्यात त्याच दगडावर बोटभर उंचीची बाग उगवावी. धुकं होतं. त्या धुक्यात मला पांढऱ्या फुलांची एक काडी दिसली. वीतभर उंच, आणि सगळी फुलं एकाच अंगाला, दात घासायच्या ब्रशाला केस असतात तशी. आजूबाजूला आणखी काही होत्या, पण ही सगळ्यांत उंच. मी ती कंदासकट उपटली, ओहोळात स्वच्छ धुतली आणि माटोळीच्या बरोबर मधोमध बांधली.

सासऱ्यांनी मान वर केली. बराच वेळ ती खाली आलीच नाही.

"जावयबापू, ही खंयची?"

"आमच्या सड्यावरची," मी म्हणालो, सडा माझ्या आजोबांनी बांधल्यासारखा.

"चाळीस वर्सां माटोळी बांदतां हांव," ते माझ्या मेहुण्याला म्हणाले, "ही केन्नाच दिसूंक ना."

मला वाटलं, माझं लग्न आज खरं लागलं.

संध्याकाळी दर्शनाला गावसबाब आले.

गावसबाब म्हणजे विष्णू गावस, आमच्या खाणीचे सर्व्हेअर. आमच्यापासून तिसरं घर. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं; शेजारी असूनही त्यांची आणि माझी ओळख फक्त उंचीपुरती होती. म्हणजे काय, तर ऑफिसात पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही, एवढंच म्हणाले, "तुजें आंगण अठरा मीटर. नार्व्याक न्हंय फुगली तरी भियेवंक नाका." म्हणजे नार्व्याला नदीला पूर आला तरी मी निवांत झोपावं. मुरगावच्या बंदरातलं पाणी म्हणजे शून्य, आणि बाकी सगळं जग तिथून किती वर, हे त्यांना तोंडपाठ. देवळाची पायरी एकतीस मीटर. पोदेर ज्या वडाखाली सायकल टेकवून उंडे विकतो तो वड चोवीस. माझ्या लग्नाच्या जेवणात वाढप्याला थांबवून त्यांनी मला सांगितलं होतं, "पेडण्याला तुझ्या सासऱ्याचं अंगण बावीस मीटरवर आहे. चार मीटर वरची मुलगी केलीस. सांभाळून रहा." माझी बायको सुमन तेव्हा नवी नवरी म्हणून खाली मान घालून बसली होती, पण तिनं हे ऐकलं, आणि पुढचा सगळा संसार त्या चार मीटरांवरून चालवला.

तर गावसबाब आले, गणपतीपुढे हात जोडले, मान वर केली, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"रघुनाथ, ही खंयसून हाडली?"

मी तीच फुशारकी पुन्हा मारली.

"सड्याच्या कुठल्या अंगाला? एकट्या काजऱ्याच्या झाडाकडे? पांढरे ठिपके आहेत तिथं?"

ठिपके मी पाहिले नव्हते. पावसानं चुना धुतला होता आणि माझी नजर सासऱ्यांवर होती.

गावसबाब खुर्चीवर, आमच्या भाषेत कदेलावर, बसले. सुमननं नेवऱ्यांची बशी पुढे केली. एक नेवरी त्यांनी अगदी सावकाश खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाले, "अकरा होत्या. गेल्या रविवारी मोजल्या. म्हणजे आता दहा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गावसबाबांची भाषा त्यांच्या मनाच्या हवेप्रमाणे बदलायची: शास्त्र सांगायचं झालं की ते पुस्तकी मराठीत शिरत, रागावले की कोकणी, आणि दगडाला ठेच लागली की लहानपणी शाळेत शिकलेलं पोर्तुगीज. त्या दिवशी ते चक्क शुद्ध मराठीत बोलले. एवढं दुःख झालं होतं.

"कंदाला माती आहे?"

"धुतली," मी म्हणालो. "स्वच्छ धुतली."

"तेंय केलेंय," ते आता कोकणीत शिरले. "देव किती दिवस?"

"दीड."

देव विसर्जन होईपर्यंत माटोळीचं काही उतरवायचं नाही, हा रिवाज. गावसबाब देवाधर्माचे, ते मागणार नाहीत. मी कारकून, मला सुचणार नाही. सासरे माटोळीकडे आता अशा नजरेनं पाहत होते की जणू तिच्यात साप निघालाय. तेव्हा सुमन उठली, एक जुनं मऊ फडकं भिजवून तिनं स्टुलावर चढून कंदाभोवती गुंडाळलं, आणि दर दोन तासांनी गडव्यानं त्यावर पाणी सोडत राहिली. पाणी थेंबथेंब गणपतीच्या उंदरावर पडत होतं. "उतरवायचं नाही म्हणाले," ती म्हणाली, "भिजवायचं नाही असं कोण म्हणालं नाही."

गावसबाबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. "चार मीटर," ते मला म्हणाले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. गावसबाब पहाटे दारात. डोक्याला पंचा, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन उंडे आणि लोणच्याचा डबा, हातात एक लांब लाल-पांढरी मोजपट्टी, जी सर्व्हेच्या वेळी दूरवर उभी धरतात. ती त्यांनी माझ्या हातात दिली. पुढची कितीतरी वर्षं ती माझ्याच हातात राहील हे त्या वेळी कळलं असतं तर मी तापाचं निमित्त काढलं असतं.

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस सहा दिवस डोंगर कसा खाली येतो ते मोजतो आणि सातव्या दिवशी त्यावर काय उगवतं ते. नदीच्या काठापासून सड्याच्या माथ्यापर्यंत त्यांनी सात टप्पे पाडले होते, ठरावीक उंचीवर एकेक. प्रत्येक टप्प्यावर चार ठिपक्यांच्या मधला, घोंगडीएवढा एकेक तुकडा. त्या तुकड्यात दर पावसाळ्यात काय काय आलं, किती आलं, फूल केव्हा लागलं, सगळं वह्यांमध्ये. वह्या खाणीच्या, रद्द झालेल्या. पुढच्या बाजूला खनिजाचे आकडे आणि मागच्या बाजूला तेरडा.

आम्ही चढत गेलो. खाली माडाच्या सावलीत माणसाच्या उंचीची झुडपं. तिसऱ्या टप्प्यावर ती कमरेला आली. पाचव्यावर गुडघ्याला. सहाव्याला घोट्याला. आणि माथ्यावर, जिथं दगडावर बोटभरसुद्धा माती नाही, तिथं वाकून बघावं लागे अशी निळी, पिवळी, पांढरी फुलं.

"एकदा बद्रीकेदार केलं," गावसबाब म्हणाले. "बस जशी वर चढत गेली तशी झाडं लहान होत गेली. आधी आभाळाला लागलेले देवदार. मग भूर्जाची वाकडी झाडं. मग झुडपं. मग बोटभर फुलं, पण काय रंग! आणि त्याच्या वर नुसता दगड आणि बर्फ. मी तिथंच बसलो वही घेऊन. आमच्या मंडळी म्हणतात, एवढं लांब जाऊन तुम्ही देवळाकडे पाठ करून बसलात. मी म्हटलं, देवळात काय आहे ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय."

"म्हणजे आपला सडा म्हणजे हिमालयच?" मी म्हणालो. हुशारी दाखवायची संधी मी सोडत नसे.

"हिमालय खंय आनी तुजो सडो खंय!" ते हसले. "हा पोराचा खेळ. खालून वरपर्यंत हवेत अर्ध्या अंशाचा फरक असला तर असला. इथली झाडं थंडीनं नाही, मातीनं बुटकी होतात. पण ही आमरी..." ते खाली बसले, त्या उरलेल्या दहांपाशी. "ही खरी घाटमाथ्यावरची. तिला गारवा लागतो, धुकं लागतं. आपल्या डोंगरावर ती कशीबशी उभी आहे, सगळ्यांत वर, कडेला. ही इथं टिकते की नाही, एवढंच मला बघायचं आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्या वेळी अर्धवटच ऐकलं, कारण पायाला मुंग्या चावत होत्या. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की धुरानं सगळी पृथ्वी तापत चालली आहे. त्या काळात हे बोलणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. गाव त्या वेळी दुसऱ्याच गोष्टीनं तापलेला होता. "हवा तापली," ते म्हणाले, "की खालचं झाड वरच्या पायरीवर सरकतं. बी टाकतं, सरकतं. हिमालयातही तेच, इथंही तेच. ती रानमोडी बघ, पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या टप्प्यावर होती, आता चौथ्यावर. सगळ्यांना वर जायला जागा आहे. पण जी आधीच माथ्यावर आहे, तिनं जायचं कुठं?"

मी आभाळाकडे पाहिलं.

"तिथं माती नाही," गावसबाब म्हणाले.

मग ते मला माथ्याच्या उत्तरेच्या कडेला घेऊन गेले. तिथं दगड फाटून एक घळ झाली आहे, दोन पुरुष खोल. आत उतरलो तर वरच्या सड्यावर घाम फुटत होता आणि इथं अंगावर काटा. ऊन तिथं कधी सरळ पोचतच नाही. त्यांनी जुन्या दहा आमऱ्यांच्या मुळाजवळची चमचाभर माती आणली होती, खिशात त्याकरता कुलेर, म्हणजे चमचा, ठेवलेला होता. "तिला तिचीच माती लागते," ते म्हणाले. सुमननं उतरवून दिलेला फडक्यातला कंद घळीच्या एका खाचेत बसवला, माती लावली, वर शेवाळ दाबलं. "वर जागा नाही ना? मग आडोशाला बघूया. कधी कधी दहा पावलांवरची सावली दोनशे मीटर उंचीचं काम करते."

"जगेल?"

"धुतला नसतास तर सांगितलं असतं."

त्या पुढच्या रविवारपासून मी मोजपट्टीवाला झालो. शिक्षा म्हणून सुरू झालेली गोष्ट सवय केव्हा झाली कळलं नाही.

ठिपक्यांचीही एक गोष्ट आहे. सुरुवातीला ते पांढरे नव्हते. गावसबाबांनी ते खाणीच्या लाल रंगानं काढले होते. आता आमच्या डिचोली भागात दगडावर लाल ठिपका दिसला की त्याचा अर्थ एकच: खाण येणार. माझ्या त्या चवथीच्या थोडं आधी, एका सकाळी वरच्या वाडीवरच्या बायका कोयते आणि केरसुण्या घेऊन त्यांच्या अंगणात उभ्या राहिल्या. पुढे गंगाबाई, वय झालेली, दात एक, आवाज सात जणींचा.

"गावसा, आमचो दोंगर मोजता रे तूं?"

"दोंगर न्हय गे गंगाबाय, तण मोजतां."

"तण?" गंगाबाईंना हा अपमान वाटला. "तण मोजूंक सरकार पगार दिता तुका?"

त्यांना कोण पटवणार? बायकांनी नारळाची सोडणं घेऊन सगळे ठिपके घासून काढले. गावसबाबांनी पुढच्या रविवारी चुन्यानं पांढरे ठिपके काढले. आणि महिन्याभरात काय व्हावं? पांढरा चुना म्हणजे देवाची जागा, असं धरून कोणीतरी सातव्या टप्प्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. मग रोज कोणी ना कोणी ठेवू लागलं. गुरं तिकडे वळवेनात. मी म्हटलं, "सांगा ना त्यांना, इथं देव नाही." गावसबाब म्हणाले, "तुला नक्की माहीत आहे?" आणि जरा थांबून, "फूल ठेवतात रे. उपटत नाहीत. ज्यांच्या दारात ओझें येतं त्या जावयांपेक्षा बरे."

पुढे गंगाबाईच त्यांना झाडांची नावं सांगायच्या. त्यांनी सांगितलेलं नाव गावसबाब जसंच्या तसं लिहीत. पुस्तकातलं लॅटिन नाव खाली, बारीक अक्षरात, पाहुण्याला कदेल द्यावं तसं.

नावांवरून आठवलं. तो भाषेच्या भांडणाचा काळ. मराठी की कोकणी, यावरून एका घरात दोन चुली झाल्या होत्या. रस्ते बंद करायला झाडं तोडून आडवी टाकत. एका दिवशी आम्ही ऑफिसातून पायी परतत होतो, तर वाटेत एक भला थोरला आंबा आडवा पडलेला आणि त्याभोवती दहाबारा पोरं, हातात दांडे. मी तिथल्या तिथं माघारी वळलो. माझं शौर्य नेहमी पायांत असतं. गावसबाब मात्र सरळ पुढे गेले आणि त्या ओंडक्यापाशी उकिडवे बसले.

"ओ, उबे राव!" एक पोरगा ओरडला. "तुमी कोणाचे? मराठीवाले काय कोंकणीवाले?"

गावसबाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. कापलेल्या बुंध्यावर बोट ठेवून ते वर्तुळं मोजत होते. "हांव हाचो," ते म्हणाले, झाडावर हात ठेवून. "हाका एकूय भास येना, म्हणून हाचे वतीन आयलां. उगी राव, मोजप चुकता."

एकही भाषा न येणाऱ्या झाडाच्या वतीनं आलेला माणूस पोरांनी आधी पाहिला नव्हता. थोड्या वेळानं त्यातलाच एक जण वाकून विचारत होता, "काका, कितलीं वर्सां?" "तुज्या आज्यापरस व्हडलो," गावसबाब म्हणाले. त्या पोरानं दांडा खाली ठेवला. रस्ता काही त्यांनी मोकळा केला नाही, पण आम्हाला बुंध्यावरून पलीकडे जायला हात दिला. मलाही. मी तेवढ्यात परत आलो होतो.

घळीतला कंद पहिल्या पावसात उगवला नाही. मी दर रविवारी खाचेत तोंड घालून बघायचो. एकदा पाणी घालायला गेलो तर गावसबाबांनी मोजपट्टीनं माझा हात अडवला. "पावसाळ्यात पाणी घालतोयस. आधी धुतलंस, आता बुडव." मी म्हटलं, मेलंय ते. "मेलें ना, न्हिदलां," ते म्हणाले. "ही जात रुसली की वर्षभर जमिनीखाली झोपते." दुसऱ्या पावसाच्या तोंडावर गोव्याला घटकराज्य मिळालं. गावात फटाके वाजले, ऑफिसात पेढे वाटले. आणि त्या जुलैत एका रविवारी घळीच्या खाचेतून दोन हिरवी पानं वर आलेली दिसली. नखाएवढी.

मी एवढ्यानं ओरडलो की खाली गुरं बिथरली. गावसबाबांनी वहीत नोंद केली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "राज्य जालें. आतां रयत आयली."

घरी जाऊन मी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "फडकं कोणाचं होतं?"

वर्षं गेली. गावसबाब निवृत्त झाले. खाणीनं त्यांना शाल दिली; त्यांनी शाल परत केली आणि अडगळीतला जुना थिओडोलाइट मागून घेतला, म्हणजे तिकाटण्यावर बसवायची सर्व्हेची दुर्बीण. जुन्या बनावटीची, तिच्यात सगळं उलटं दिसायचं: झाडं आभाळातून खाली लोंबत आणि माणसं डोक्यावर चालत. मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मला घेरी आली. गावसबाब म्हणाले, "मला चाळीस वर्षं जग असंच दिसलंय. माणूस सरळ दिसला की मला शंका येते."

गुडघे गेले तेव्हा त्यांनी ती दुर्बीण अंगणात तुळशीशेजारी मांडली. त्यांचं घर सड्याच्या उत्तरेला. तिथून माथ्याची कड आणि घळीचं तोंड दोन्ही दिसत. आता मी एकटा वर जायचो आणि ते खालून बघायचे. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. ते पंचा ज्या बाजूला हलवतील त्या बाजूला मी सरकायचं. झाड सापडलं की मोजपट्टी एकदा उभी वर करायची, एक झाड, एकदा. ते वहीत रेघ मारत. सगळं झालं की ते दोन्ही हात डोक्यावर नेत: नोंद झाली, पुढे चल.

त्यांना शेवटचं पाहिलं ते असंच, वरून.

चवथीच्या आधीचा रविवार होता. त्या वर्षीचा उन्हाळा वाईट गेला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, पाऊसही उशिरा आलेला. गावसबाब दोन महिने अंथरुणाला होते. त्या दिवशी त्यांच्या सुनेनं कदेल अंगणात आणून त्यांना दुर्बिणीपुढे बसवलं. निघताना मला म्हणाले, "सातव्यासून सुरू कर. सकयल्यांक वेळ आसा." म्हणजे खालचे टप्पे थांबू शकत होते.

मी सातव्या टप्प्यावर पोचलो. ठिपक्यांवर नेहमीप्रमाणे जास्वंद होती. आणि चौकोनात आमऱ्या तीन; गेल्या वर्षी सात होत्या. मी परत मोजल्या. गुडघ्यावर रांगून मोजल्या. तीनच, त्यातली एक करपलेली. रानमोडी काजऱ्याच्या झाडापर्यंत आली होती. मी खाली पाहिलं. अंगणात पांढऱ्या बनियनमधला एक ठिपका दुर्बिणीला चिकटलेला. खोटं सांगायचा विचार माझ्या मनात आला, लिहून ठेवतो. मोजपट्टी आणखी चार वेळा वर करायला काय लागतं? पण सर्व्हेअरला फसवणार कोण? मी तीन वेळा वर केली आणि उभा राहिलो.

मग पंचा हलला. डावीकडे. घळीकडे.

गेल्या दोन वर्षांत माझेही गुडघे कुरकुरू लागले होते आणि घळीत मी कोणाला उतरवलं नव्हतं, स्वतःलाही नाही. वरून डोकावायचो, सातआठ पांढऱ्या काड्या दिसायच्या, तेवढ्या लिहायचो. त्या दिवशी बसून, घसरत, पँटची एक बाजू तिथंच ठेवून खाली उतरलो. आतला गारवा अंगाला लागला. जुन्या खाचेत आमरी होती. तिच्या खालच्या खाचेत होत्या. समोरच्या भिंतीवर, शेवाळात, दगडाच्या फटीत, जिथं माझ्या नजरेला कधी काही दिसलं नव्हतं तिथं, एका बाजूला फुलं घेऊन उभ्या होत्या. मी घळीच्या तोंडाशी आलो आणि मोजपट्टी वर केली. पुन्हा आत जाऊन मोजून आलो, पुन्हा वर केली. दहानंतर माझे हात दुखू लागले. पंधरानंतर मी हसायला लागलो होतो, एकटाच, फाटक्या पँटीत. एकोणीस. एकोणीस वेळा ती पट्टी वर गेली.

खाली ते कदेलावरून उठले. सून धावलेली दिसली. त्यांनी तिला हातानं थांबवलं. तुळशीवर एक हात टेकून उभे राहिले, मग तोही सोडला आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

नोंद झाली. पुढे चल.

मी सहाव्या टप्प्याकडे उतरू लागलो. वळणावर मागे पाहिलं तर ते अजून तसेच उभे होते.

ते दिवाळीनंतर गेले. वह्या आता माझ्याकडे आहेत, आणि पट्टीही. त्या दिवसाच्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात गावसबाबांच्या हलत्या अक्षरात लिहिलंय: 'माथ्यावर तीन. सावलीत बरी आसा.' दुर्बीण त्यांच्या सुनेनं दिली. ती आमच्या अंगणात, अठरा मीटरवर. गावातल्या हायस्कुलात शिकवणारी माझी मुलगी तिच्या वर्गातल्या मुलींना घेऊन वर चढते आणि मी खालून पंचा हलवतो. गेल्या वर्षी घळीच्या पलीकडच्या कपारीत त्यांना आणखी सहा सापडल्या, ज्या तिथं कोणी लावल्या नव्हत्या.

परवा हे सगळं लिहून मी सुमनला वाचून दाखवलं. ती नारळ खवत होती. सगळं ऐकलं, मग विचारलं, "त्या दुर्बिणीत उलटं दिसतं ना हो?"

"हो. सगळं डोक्यावर."

"म्हणजे तुम्हीही. पाय वर, डोकं खाली, वरून लोंबताय." तिनं विळीवरून करवंटी फिरवली. "एवढी वर्षं त्यांनी तुम्हाला माटोळीला बांधून ठेवलं होतं, आणि तुम्ही म्हणताय मी पट्टी धरत होतो."